राजीनाम्यावर सही करू नकोस : पाचवा महिना, पीआयपी आणि एचआरची 'ऑफर'

वयाने मोठी आहे म्हणून सरळ अगं-तुगं करते, राग मानू नकोस.

इथे धागा काढून तू विचारलेला प्रश्न मला कळला तो असा. पुण्यात दोनशेएक माणसांची कंपनी, तीन वर्षं नोकरी, गेल्या वर्षीचं रेटिंग चांगलं. घरी एक मूल आहे, आता पुन्हा दिवस गेलेत, पाचवा महिना चालू आहे. मॅनेजरला तोंडी सांगितलंस, त्यानंतर पंधरा दिवसांत क्लायंट कॉलवरून तुझं नाव गेलं, महिन्याभरात पीआयपी, म्हणजे 'अमुक मुदतीत कामगिरी सुधार' असा कागद, हातात आला आणि परवा एचआरने गोड आवाजात सुचवलं की तूच पेपर टाकलेस तर दोन महिन्यांचा पगार आणि स्वच्छ रिलीव्हिंग लेटर मिळेल. हा भेदभाव नाही का, आणि सही करू का, असं विचारतेयस.

भेदभाव आहे. सही करू नकोस.

हे मी एवढ्या ठामपणे सांगते कारण मी वीस वर्षं टेबलाच्या पलीकडे बसलेय. आधी चाकणला कारखान्यात, मग आयटीत, दोन्हीकडे एचआरमध्ये. परवा तुला जे ऐकवलं गेलं ते मी स्वतः कधीकाळी दुसरीला ऐकवलेलं आहे. त्याबद्दल पुढे लिहितेच.

आधी कायदा. 'गरोदर बाईला काढता येत नाही' एवढं सगळ्यांना माहीत असतं, पण नेमकं काय लिहिलंय ते फार थोडे वाचतात. १९६१ च्या मातृत्व लाभ कायद्याचं कलम १२ पाहा. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्या, त्यामुळे हेच आता सामाजिक सुरक्षा संहितेच्या कलम ६८ मध्ये आहे. आकडा बदलला, गाभा तोच. त्यात दोन गोष्टी आहेत. बाळंतपणाच्या रजेवर असताना किंवा त्या रजेपायी बाईला काढणं बेकायदा आहे. आणि गरोदरपणात कधीही काढलं, तरी तिला मिळायचा मातृत्व लाभ बुडत नाही. अपवाद फक्त गंभीर गैरवर्तनाचा, आणि तोही लेखी कळवून. गंभीर गैरवर्तन म्हणजे चोरी, अफरातफर, मारहाण, मालाची मुद्दाम नासधूस अशा गोष्टी. 'कामगिरी अपेक्षेपेक्षा कमी' हे त्यात कुठेही बसत नाही. म्हणजे तुझ्या पीआयपीचा कागद कितीही जाड असला तरी त्याच्या जोरावर तुझे पैसे बुडवता येत नाहीत.

आता गोम बघ. हे सगळं संरक्षण कंपनीने 'काढलं' तर आहे. तू स्वतः 'गेलीस' तर कंपनीने काहीच केलेलं नाही, कागदावर तू आपल्या मर्जीने घरी बसलीस. एचआरला तुझा राजीनामा हवा असतो तो एवढ्याचसाठी. नोकरीवरून काढायला त्यांना काय, पाच मिनिटं लागतात. पण काढल्याचं पत्र म्हणजे तुझ्या हातात दिलेला पुरावा, आणि तो द्यायची त्यांची तयारी नसते.

हिशेब कर. समजा पगार साठ हजार, म्हणजे दिवसाला ढोबळ दोन हजार. २६ आठवडे म्हणजे १८२ दिवस, ३ लाख ६४ हजार रुपये. तुला देऊ करतायत १ लाख २० हजार. वर ग्रुप मेडिक्लेम नोकरीबरोबर संपतो, आणि पाचव्या महिन्यात बाहेर नवीन पॉलिसी काढायला गेलीस तर तिच्यातला वेटिंग पिरियड संपायच्या आत बाळ रांगायला लागलेलं असेल. बाळंतपणाचं बिल खिशातून जाणार. एचआरच्या एक्सेलमध्ये हा हिशेब आधीच मांडलेला असतो, हे मी अनुभवाने सांगते.

तुझ्या धाग्यावर कुणीतरी छातीठोक लिहिलंय की दुसऱ्या बाळाला बाराच आठवडे मिळतात. चूक. २०१७ च्या दुरुस्तीपासून बारा आठवडे फक्त तिला, जिची दोन किंवा जास्त मुलं आधीच हयात आहेत. तुला एक आहे, तुला पूर्ण २६, त्यातले प्रसूतीच्या अंदाजे तारखेआधी जास्तीत जास्त आठ. अट एकच : त्या तारखेच्या आधीच्या बारा महिन्यांत ८० दिवस काम केलेलं असावं. तुझी तीन वर्षं झालीयत. दुसऱ्या एका सदस्याने लिहिलंय की तू टीम लीड आहेस म्हणून कामगार कायदे तुला लागत नाहीत. औद्योगिक तंट्याच्या बाबतीत हा मुद्दा येतो खरा, पण मातृत्व लाभाला पदाची आडकाठी नाही आणि पगाराची वरची मर्यादाही नाही. कंत्राटी बायकांनाही तो मिळतो. दिल्ली महापालिकेच्या हजेरीपटावरच्या, रस्त्यावर राबणाऱ्या रोजंदार बायकांसाठी सर्वोच्च न्यायालयाने २००० साली हे सांगून ठेवलंय. तुझ्या ऑफरलेटरमध्ये 'मॅटर्निटी लीव्ह तीन महिने' छापलेलं असेल तरी घाबरू नकोस. कायद्यापेक्षा कमी देणारा करार तिथे टिकत नाही.

आणि हो, पन्नास किंवा जास्त माणसं असलेल्या ठिकाणी पाळणाघराची सोय लागते, दिवसातून चार वेळा बाळाकडे जाता येतं. तुमच्याकडे दोनशे माणसं आहेत. आहे का पाळणाघर? विचारून बघ, चेहरे बघण्यासारखे होतात.

आता 'भेदभाव' या शब्दाबद्दल, कारण इथे बरेच जण गोंधळतात. अमेरिकेतल्या भावाबहिणींचं ऐकून आपल्याला वाटतं की नोकरीतल्या भेदभावाविरुद्ध एक मोठा कायदा असेल, तिथे तक्रार टाकली की झालं. आपल्याकडे खासगी नोकरीसाठी तसा एकच सरसकट कायदा नाही. राज्यघटनेची समानतेची कलमं मुख्यतः सरकारला बांधतात. १९९१ चं एलआयसीचं प्रकरण तुला वाचायला आवडेल : नोकरीच्या फॉर्मात बाईची शेवटची पाळी कधी, गर्भपात किती झाले असले प्रश्न होते, गरोदरपण लपवलं म्हणून प्रोबेशनवरच्या बाईला काढलं. सर्वोच्च न्यायालयाने तिला परत घ्यायला लावलं आणि ते रकाने काढून टाका म्हणून सांगितलं. पण एलआयसी सरकारी. खासगीत आपली तक्रार कुठल्या खणात बसते ते शोधावं लागतं. अपंगत्वाला २०१६ चा कायदा, एचआयव्हीला २०१७ चा, लैंगिक छळाला २०१३ चा, समान कामाला समान पगार हा वेतन संहितेत. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात स्त्री कामगाराशी भरती, प्रशिक्षण, बदली, बढती, वेतन यांत भेदभाव करू नये असं एक वाक्य आहे. ते तक्रारीत जरूर घालायचं. पण तुझा मुख्य खण मातृत्व लाभाचा. तिथे 'माझ्याशी भेदभाव झाला' हे रंगवून लिहिण्यापेक्षा 'या तारखेला कळवलं, या तारखेला हे झालं' एवढंच जास्त चालतं.

कुणी अंतर्गत समितीकडे, म्हणजे कंपनीतल्या लैंगिक छळाच्या तक्रारी ऐकणाऱ्या समितीकडे, जा म्हणालंय. मॅनेजर पोटाकडे बघून लैंगिक स्वरूपाचं काही बोलला असेल तर जरूर जा, आणि तीन महिन्यांच्या आत जा. नुसतं गरोदर म्हणून डावललं, ते त्या समितीचं काम नाही. ते अर्ज परत करतील आणि तुझे दोन आठवडे जातील.

आता ते चाकणचं. २००९ ची गोष्ट. क्वालिटीमध्ये एक मुलगी होती, सहावा महिना. तेव्हा रजा बारा आठवड्यांची होती, तेवढीही मालकाला जड झाली होती. राजीनामा मीच टाइप करून ठेवला होता, 'घरगुती कारणास्तव', तारखेची जागा मोकळी. टिश्यूचा डबा तिच्याकडे सरकवून ठेवला होता, तो एचआरच्या ट्रेनिंगचाच भाग. ती फारशी काही बोलली नाही. सही करायला घेतली तर तिचं पेन चाललं नाही. मी माझं दिलं.

तुझ्यासाठीही तो कागद टाइप झालेला असणार. म्हणून त्या खोलीत पुन्हा जायच्या आधी काय करायचं ते लिहिते.

सगळ्यात पहिलं, आजच, गरोदरपण लेखी कळव. तू फक्त तोंडी सांगितलंयस ही तुझ्या बाजूची एकमेव कच्ची जागा आहे. उद्या ते म्हणतील, आम्हाला माहीतच नव्हतं, पीआयपी आधीच ठरला होता. मेल इंग्रजीत असू दे, चार ओळींचा : अमुक तारखेला मी मॅनेजरला गरोदर असल्याचं सांगितलं होतं, प्रसूतीची अंदाजे तारीख ही, डॉक्टरांचं प्रमाणपत्र जोडलंय, अमुक तारखेपासून मातृत्व रजा घेणार आहे. मॅनेजर आणि एचआर दोघांना, एकाच मेलमध्ये. रडगाणं नको, आरोपही नको. नंतर विहित नमुन्यातली रजेची नोटीसही द्यायचीच आहे. ती दिली की प्रसूतीआधीच्या काळाचे पैसे आगाऊ आणि उरलेले बाळाच्या जन्माचा पुरावा दिल्यापासून ४८ तासांत द्यायचे असतात.

मग परवाच्या मीटिंगबद्दल वेगळा मेल. 'परवा आपण भेटलो तेव्हा तुम्ही मला राजीनामा द्यायला सुचवलंत आणि दोन महिन्यांचा पगार देऊ केलात. मला राजीनामा द्यायचा नाही. मला काम करत राहायचं आहे.' ते उत्तर देणार नाहीत. न दिलेलं उत्तरही कामाला येतं. चोरून रेकॉर्डिंग करण्यापेक्षा मला हा रस्ता कितीतरी बरा वाटतो.

पीआयपीवर सही मागितली तर 'मिळाले, मान्य नाही' असं लिहून, तारीख घालून सही कर. नाकारू नकोस, नाहीतर आज्ञाभंग म्हणतील. आणि त्यातली कामं खरोखर कर, दर आठवड्याला काय केलं ते मेलवर टाकत जा. कंटाळवाणं आहे, माहितीय.

एक सावधगिरी, जी बाहेरचे लोक सांगत नाहीत. घाबरून कंपनीची कागदपत्रं, क्लायंटच्या फाइली स्वतःच्या जीमेलवर पाठवू नकोस. मी अशा दोन जणी पाहिल्यात ज्यांची बाजू शंभर टक्के खरी होती आणि या एका गोष्टीने कंपनीला 'डेटा चोरी' म्हणायला जागा मिळाली. म्हणजे बघ, जे गंभीर गैरवर्तन त्यांच्याकडे नव्हतं ते आपणच नेऊन दिलं. पगाराच्या स्लिपा, अप्रेझलची पत्रं, ऑफरलेटर, तुझ्या स्वतःच्या नोकरीबद्दलचे मेल, एवढ्याची प्रिंट पुरे.

एवढ्यावर बऱ्याच कंपन्या थंड होतात, कारण त्यांना कळतं की ही सही करणाऱ्यातली नाही. नाही झाल्या तर कामगार आयुक्तांच्या कार्यालयात लेखी तक्रार. पोच घेतल्याशिवाय तिथून उठू नकोस. तिथे हेलपाटे पडतात, खोटं कशाला सांगू. पोट घेऊन दोन मजले चढायला लागू नयेत म्हणून नवऱ्याला किंवा भावाला अधिकारपत्र देऊन पाठव. काढल्याचं पत्र देऊन लाभ नाकारलाच तर त्याविरुद्ध अपिलाला ६० दिवस असतात, ते बाळंतपणाच्या गडबडीत निघून जातात, म्हणून कॅलेंडरवर आत्ताच खूण करायची सवय ठेव. वकील परवडत नाही असं एका उत्तरात तू म्हणालीस. १९८७ च्या कायद्याने बाईला उत्पन्न न बघता मोफत कायदेशीर मदत मिळते. शिवाजीनगरच्या जिल्हा न्यायालयात विधी सेवा प्राधिकरण आहे, आधार कार्ड आणि हे सगळे मेल घेऊन जा. राज्य महिला आयोगालाही लिहिता येतं, ते कंपनीला विचारणा करतात आणि त्याचा थोडा वचक बसतो, पण नोकरीवर परत घ्या असा हुकूम तिथून येणार नाही.

तुझं शेवटचं वाक्य होतं की 'एवढं होऊन त्याच लोकांत बसायचं कसं'. बसू नकोस हवं तर. जायचं ठरवलंस तर त्यात कमीपणा नाही, फक्त किंमत नीट सांग : २६ आठवड्यांचा पूर्ण पैसा, नोटीस पिरियड, प्रसूतीपर्यंत मेडिक्लेम चालू, आणि पीआयपी रेकॉर्डमधून मागे. हे सगळं लेखी करारात आल्यावर आणि आपल्या वकिलाने वाचल्यावरच सही, त्याआधी साध्या मेलनेही 'ओके' म्हणायचं नाही. ते हसतील, खाली येतील, पुन्हा वर जातील. बाजारच तो.

पहिला मेल आज रात्री जाऊ दे. मसुदा इथे टाकलास तर बघून देते, कंपनीचं आणि माणसांची नावं मात्र काढून टाक. आणि अशा मीटिंगा शुक्रवारी संध्याकाळी लावतात, म्हणजे शनिवार-रविवार तू कुणाला विचारायच्या आत सही झालेली असते. साडेपाचला बोलावणं आलं तर सांग, डॉक्टरांची वेळ घेतलीय, सोमवारी भेटते.