विश्वासू यंत्र आणि भरवशाची म्हैस

प्रश्न असा : आरोग्यसेवेतल्या ‘ट्रस्टवर्दी एआय’ला मराठीत ‘विश्वासू’ म्हणावं, ‘विश्वासार्ह’ की ‘विश्वसनीय’?

‘विश्वासू’ नकोच. विश्वासू मुनीम असतो, विश्वासू नोकर असतो. एक्स-रे वाचणारं सॉफ्टवेअर कुणाशी इमान राखणार? ‘विश्वसनीय’ हा शब्द वर्तमानपत्रांच्या सूत्रांना लखलाभ. ‘विश्वासार्ह’ घ्या.

आता मुद्द्याचं. ‘विश्वास म्हणजे विश्वाची आस’ ही फॉरवर्ड होत फिरणारी व्युत्पत्ती कृपा करून थांबवा. त्यात ना ‘विश्व’ आहे, ना ‘आस’. धातू आहे ‘श्वस्’, श्वास घेणे. त्याला ‘वि’ लागला की संस्कृतात अर्थ होतो : निर्धास्त होऊन मोकळा श्वास घेणे. किती सुंदर! ‘आश्वासन’ हे त्याचंच भावंड. म्हणजे विश्वास ही मुळात ठेवणाऱ्याची अवस्था, ज्याच्यावर ठेवला त्याचा गुण नव्हे. म्हणूनच ‘एआयवर रुग्णांचा विश्वास वाढवला पाहिजे’ हे परिसंवादी वाक्य ऐकलं की डोकं उठतं. रुग्णाचा विश्वास कशाला वाढवताय, आधी यंत्र तपासा की! तत्त्वज्ञ ओनोरा ओनील यांनी २००२ च्या बीबीसी रीथ व्याख्यानांत विश्वासापेक्षा विश्वासार्हतेवर भर दिला, तो याचसाठी.

शिवाय यंत्रासाठी आपल्याकडे ‘भरवसा’ आहे. कोश त्याला विश्वासाचा प्रतिशब्द म्हणतात. मला साफ नामंजूर. तत्त्वज्ञ ॲनेट बायर यांनी १९८६ मध्ये भेद केला : विश्वास ठेवला तर दगा होऊ शकतो, नुसतं विसंबलं तर फार तर निराशा. मराठीला हे कधीचंच ठाऊक आहे. ‘विश्वासघात’ आहे, ‘भरवसाघात’ नाही. भरवशाच्या म्हशीला टोणगा होतो, पण म्हशीनं दगा दिला असं कुणी म्हणत नाही. अमेरिकेत रुग्णालयांना सॉफ्टवेअर पुरवणाऱ्या एपिक कंपनीचं, सेप्सिसचा (जंतुसंसर्गातून उद्भवणाऱ्या जीवघेण्या अवस्थेचा) इशारा देणारं मॉडेल शेकडो रुग्णालयांत वापरात होतं. मिशिगन विद्यापीठाच्या संशोधकांनी स्वतःच्या रुग्णालयातल्या रुग्णांवर ते पडताळलं आणि २०२१ मध्ये निष्कर्ष छापले : सेप्सिस झालेल्यांपैकी ६७ टक्के रुग्ण त्यानं हेरलेच नव्हते. टोणगाच!

काही समाजशास्त्रज्ञ म्हणतील, यंत्रामागे माणसं असतातच, म्हणून ‘विश्वास’ चालेल. मग त्या माणसांची नावं घ्या ना : मॉडेल विकणारी कंपनी, ते न तपासता घेणारं रुग्णालय. विश्वासघात ती करू शकतात. ‘एआयनं विश्वास गमावला’ या वाक्यात त्यांतलं कुणीच दिसत नाही, आणि लिहिणाऱ्याला बहुधा तेच हवं असतं.