संशय आला म्हणून लगेच एजन्सी बदलू नका

तुमची पोस्ट वाचली आणि आमचे जुने दिवस आठवले. ब्रिटनमध्ये कचरा उचलण्याचा छोटा धंदा, पिकिंग लाइनवर (कचरा छाटायच्या पट्ट्यावर) मजूर पुरवणाऱ्या एजन्सीची माणसं, त्यातली बरीचशी एकाच पत्त्यावर राहणारी, कुणालाही काही विचारलं की उत्तर देणारा माणूस मात्र ठरलेला. म्हणजे कुणीतरी त्यांना धाकात ठेवून राबवत असावं, हा संशय. त्यात मोठ्या गिऱ्हाइकानं मॉडर्न स्लेव्हरीची (माणसांना धाकानं, फसवून राबवण्याविरुद्धची) पॉलिसी, म्हणजे लेखी धोरण, मागितलं आहे आणि तुम्हाला त्याचा नमुना हवाय. नमुने ढिगानं मिळतील. मला खटकलं ते तुमचं जाता जाता लिहिलेलं वाक्य: ‘फारच वाटलं तर एजन्सी बदलून टाकू.’ ते करू नका. निदान पहिलं पाऊल म्हणून तरी नकोच.

मी वकील नाही. जे भोगलं त्यावरून लिहितेय.

आमच्याकडे एजन्सीच्या माणसांच्या पेस्लिपवर राहण्याच्या खोलीची कपात होती, शिवाय ‘वाहतूक’ म्हणून वेगळी. ने-आण करणारा व्हॅनवाला जेवणाच्या सुट्टीतही त्यांच्यातून हलायचा नाही. करारात कलम होतं की असा काही संशय आला तर गिऱ्हाइकाला आधी कळवायचं, म्हणून त्यांच्या खरेदी विभागाला सगळं लिहून पाठवलं. उत्तर आलं: ‘सदर पुरवठादार 24 तासांत यादीतून काढा आणि तसं लेखी कळवा.’ पोलिसांना सांगा, हेल्पलाइनला विचारा, यातलं एक अक्षर नाही. त्या माणसांचं काय, हा प्रश्न तर कुणाला पडलाच नाही. आमचं काम त्या गिऱ्हाइकावर अवलंबून, त्यामुळे एजन्सीला नोटीस गेली. दुसऱ्या दिवशी व्हॅन आली नाही, फोन बंद. पुढे पोलीस त्या पत्त्यावर गेले तेव्हा घर रिकामं होतं. खरेदी विभागानं मात्र आपल्या फायलीत ‘निराकरण झाले’ असा शेरा मारला. त्या शेऱ्याचा राग अजून गेलेला नाही.

एजन्सीला सुगावा लागला की माणसं दुसऱ्या गावी हलवली जातात आणि धमक्या वाढतात. म्हणून संशय आला तर आधी मॉडर्न स्लेव्हरी हेल्पलाइन: 08000 121 700, ‘अनसीन’ ही संस्था चालवते. जिवाला धोका दिसत असेल तर थेट 999, हा आणीबाणीचा नंबर. तोवर एजन्सीला काही विचारायचं नाही, व्हॅनवाल्यासमोर कुणाशी बोलायचं नाही, आणि सगळ्यांच्या वतीनं बोलणाऱ्यालाच दुभाषा करायचं नाही. तारीख-वारासह जे दिसलं ते लिहून ठेवायचं. तुम्ही स्वतः कुणाला सरकारी मदतयंत्रणेत नोंदवू शकत नाही. ते पोलीस, कौन्सिल (स्थानिक पालिका) किंवा ठरावीक संस्थाच करतात, आणि प्रौढ माणसाची संमती लागते. ती बिचारी माणसं पहिल्याच भेटीत हो म्हणतील असं धरून चालू नका. अशी माणसं कामावर ठेवणं म्हणजे आपणही त्यात सामील, असं वाटून रात्री झोप लागत नाही, ते मला ठाऊक आहे. एजन्सी कधी आणि कशी थांबवायची तेही पोलिसांना विचारूनच ठरवा.

आता कागदपत्रांबद्दल. तुम्ही लिहिलंय, ‘सगळ्यांचे राइट टू वर्क तपासलेत, खाती त्यांच्याच नावावर आहेत.’ ते तपासायलाच हवं, पण त्यानं कळतं एवढंच की माणूस इथे कायदेशीर काम करू शकतो. वेस्ट मिडलंड्स पोलिसांच्या ‘ऑपरेशन फोर्ट’चं उदाहरण घ्या. 2019 मध्ये त्या टोळीला शिक्षा झाल्या. बळी 400 हून अधिक असावेत असा अंदाज होता. बेघर, व्यसनी, तुरुंगातून सुटलेली माणसं हेरून पोलंडहून आणलेली, म्हणजे तेव्हा युरोपियन युनियनचे नागरिक, काम करायची पूर्ण मुभा. कामं कुठली? शेतं, टर्की पक्षी साफ करण्याचे कारखाने आणि आपलीच कचरा रीसायकलिंग केंद्रं. खाती त्यांच्या नावावर उघडलेली, कार्डं टोळीच्या खिशात. काहींच्या हाती आठवड्याला 20 पौंड पडायचे. टोळीतली एक बाई तर एका एजन्सीतच नोकरीला होती. तेव्हा नावं जुळतात का एवढ्यावर थांबू नका. पत्ता, मोबाइल नंबर, आणीबाणीत कळवायचा माणूस, हे रकाने एकाखाली एक लावा. तोच नंबर पुन्हा पुन्हा आला तर कान टवकारा.

‘एजन्सीकडे गँगमास्टर परवाना (मजूर पुरवण्याचा सरकारी परवाना) आहे’ हे ऐकून निर्धास्त होणाऱ्यांसाठीही एक गोष्ट. 2004 मध्ये इंग्लंडमधल्या मोरकॅम्ब बे या खाडीत शिंपले वेचणारे किमान 21 चिनी मजूर समुद्राच्या भरतीत बुडाले, त्यानंतर हा परवाना आला. तो शेती, शिंपले वेचणं आणि शेतमाल-मासळीची प्रक्रिया-पॅकिंग यांपुरता आहे. कचरा त्यात नाही. कचरा छाटायला माणसं पुरवणाऱ्याला तो लागतच नाही, मग तो असला काय नि नसला काय.

गंमत बघा, एका स्किपमधला (कचऱ्याच्या मोठ्या लोखंडी पेटीतला) कचरा कुणी नेला, कुणाकडे गेला याची ट्रान्स्फर नोट दोन वर्षं जपायची सक्ती आहे. माणसांच्या बाबतीत मधे किती हात आहेत हे कुणी विचारत नाही. आपण विचारायचं. एजन्सीशी करार करताना आमच्या परवानगीशिवाय दुसऱ्या एजन्सीकडून माणसं घ्यायची नाहीत, हे कलम घाला. काम मिळवून देण्याबद्दल कामगाराकडून पैसे घेणं 1973 च्या कायद्यानं बेकायदा आहे (मॉडेलिंग-अभिनयासारखे थोडे अपवाद सोडून), तेही लिहून घ्या. पेस्लिप अधूनमधून प्रत्यक्ष बघू देणार, हेही. एजन्सी माणसांचा भाव किमान वेतन, सुट्टीचा पगार आणि मालकानं भरायचा नॅशनल इन्शुरन्स (सरकारी सामाजिक विमा) मिळून होणाऱ्या खर्चापेक्षा कमी सांगत असेल तर पुढे बोलूच नका. तो फरक कुणाच्या तरी पोटातून निघतोय. माझ्या मते ही एक बेरीज अख्ख्या पॉलिसीपेक्षा जास्त सांगते, पण इथले काही जण असहमत होतील.

पुरवठादार म्हटलं की सगळे एजन्सीपाशी थांबतात. हातातल्या हातमोज्यांकडेही बघा. 2020 मध्ये अमेरिकेच्या सीमाशुल्क खात्यानं सक्तीच्या मजुरीच्या संशयावरून मलेशियातल्या एका बड्या हातमोजे उत्पादकाचा माल अडवला होता. छोट्या धंद्याला तिथपर्यंत पोचता येणार नाही, पण वितरकाला कारखान्याचं नाव विचारता येतं. जो सांगतो त्याच्याकडून घ्यावेत. आणि घरं रिकामी करायची कामं रोखीनं ‘माणूस नि व्हॅन’वाल्याला देत असाल तर ती आधी बंद करा. त्याच्याबरोबर आलेला पोरगा कोण, हे तुम्हाला कधीच कळणार नाही.

राहिली पॉलिसी. वार्षिक उलाढाल 3 कोटी 60 लाख पौंड किंवा जास्त असेल तरच 2015 च्या मॉडर्न स्लेव्हरी कायद्याखाली, ती रोखायला काय केलं याचं निवेदन दरवर्षी काढणं बंधनकारक आहे. तुम्ही त्यात नाही, गिऱ्हाईक असेल. म्हणून त्यांना तुमचा कागद हवाय. दोन पानं पुरे: माणसं कुठून येतात, तुम्ही काय तपासता, संशय आल्यास कोण कुणाला फोन करतो. गिऱ्हाइकाच्या प्रश्नावलीत ‘संशयित पुरवठादारास तात्काळ निलंबित कराल का?’ असा हो-नाहीचा रकाना असेलच. तिथे ‘नाही, आधी हेल्पलाइन व पोलिसांचा सल्ला’ असं लिहा. गुण कापले तर कापू देत, आणि त्यांचं काय उत्तर येतं ते इथे नक्की टाका.