गाबा अडवलं की कॅल्शियम का उसळतं

तुम्ही विचारलंय की न्यूरॉन कल्चरवर (डिशमध्ये वाढवलेल्या चेतापेशींवर) बायकुक्युलीन, म्हणजे सहसा पेशींना शांत ठेवणाऱ्या गाबा या रसायनाला अडवणारं औषध, टाकल्यावर सगळ्या पेशी कॅल्शियम वाढल्यासारख्या एकदम चमकायला लागल्या, म्हणजे ते कॅल्शियम चॅनेल उघडतं का, आणि कोवळ्या कल्चरमध्ये उलटं का दिसलं.

बायकुक्युलीन स्वतः चॅनेल वगैरे काही उघडत नाही. ते फक्त गाबा-ए रिसेप्टर (गाबा जिथे चिकटतं ते पडद्यावरचं प्रोटीन) अडवतं, म्हणजे क्लोराइडची वाट बंद होते. पण त्या क्लोराइडमुळेच पेशी आवरलेली असते, तो आवर गेला की एकीने फायर केलं (विद्युत स्पाइक मारला) की ग्लुटामेट या उत्तेजक रसायनामुळे दुसरी, दुसरीमुळे तिसरी, आणि अख्खं नेटवर्क एकत्र बर्स्ट, म्हणजे स्पाइकचे झपाटे, मारायला लागतं. त्यात पेशीचा पडदा बराच वेळ डीपोलराइज (आतून कमी ऋण) राहतो, त्यामुळे एनएमडीए रिसेप्टरच्या (ग्लुटामेटने उघडणाऱ्या, कॅल्शियम आत सोडणाऱ्या वाटेच्या) तोंडाशी बसलेला मॅग्नेशियम हटतो, एल-टाइप कॅल्शियम चॅनेलही उघडतात, आणि बाहेर आतल्यापेक्षा जवळपास १०,००० पट कॅल्शियम असल्याने ते धो धो आत येतं. खात्री करायचीय तर त्याच डिशमध्ये टीटीएक्स (सोडियम चॅनेल अडवून स्पाइक बंद करणारं विष) टाका, फायरिंग बंद झालं की त्या एकसाथ उसळ्या गेल्या पाहिजेत. नाही गेल्या तर मग मात्र दुसरीकडे शोधा.

कोवळ्या पेशींचं गणित वेगळंय. त्यांच्यात एनकेसीसी१ (क्लोराइड आत आणणारं प्रोटीन) जास्त आणि केसीसी२ (ते बाहेर काढणारं) कमी, म्हणून आत क्लोराइड साठलेलं असतं, गाबा आलं की ते बाहेर पडतं आणि पेशी उलट डीपोलराइज होते. तिथे गाबाच कॅल्शियम वाढवत असतं, मग ते अडवल्यावर सिग्नल पडणारच. तुमची डिश बिघडलेली नाहीये, दोन वयांचा डेटा एकाच ग्राफमध्ये टाकू नका एवढंच.

अजून एक, बायकुक्युलीनचं मेथायोडाइड वगैरे मीठ वापरत असाल तर ते एसके पोटॅशियम चॅनेलही अडवतं, आणि बर्स्टनंतर ब्रेक लावायचं काम तेच चॅनेल करतात, त्यामुळे तुमचे लांबलचक पीक कितपत गाबामुळे आणि कितपत यामुळे हे सांगता येत नाही. मी तर गाबाझिनच वापरा म्हणेन, तेही गाबा-ए अडवतं. त्याच कामाचं पिक्रोटॉक्सिन चालेल, पण ते ग्लायसिन रिसेप्टरलाही धरतं, स्पायनल कॉर्डच्या पेशी असतील तर लक्षात ठेवा.

आणि पीकची उंची बघून "दुप्पट फायरिंग" असं लिहू नका हो, जीकॅम्प (कॅल्शियम वाढलं की चमकणारं सूचक प्रोटीन) सावकाश उतरतो, बर्स्टमधले स्पाइक एकावर एक चढून एकच डोंगर दिसतो, वरच्या टोकाला तर तो सॅच्युरेटच होतो. स्पाइक मोजायचेच असतील तर सोबत पॅच (एका पेशीची वीज थेट मोजणारं काचेचं इलेक्ट्रोड) नाहीतर एमईए (डिशच्या तळाशी अनेक इलेक्ट्रोड असलेली जाळी) लावा.