जुन्या टायगर मॉथच्या मालकीचा आणि डागडुजीचा इतिहास कसा शोधावा?

आपण विचारले आहे की, आजोबांनी दुसऱ्या महायुद्धानंतर विकत घेऊन जुहूला ठेवलेले टायगर मॉथ (वर-खाली दोन पंखांचे जुने ब्रिटिश प्रशिक्षण विमान) पुढे कोणाकोणाकडे गेले हे कसे शोधावे, आणि पंखांपासून इंजिनापर्यंत बरेच काही बदललेल्या विमानाला आजोबांचे विमान म्हणावे का. जुहूला हलक्या विमानांच्या देखभालीत मी आयुष्यभर नोकरी केली, त्या आधारावर लिहितो.

आजोबांचे वैमानिक म्हणून लॉगबुक, म्हणजे उड्डाणांची नोंदवही, घरात असेल तर आधी ते काढा. त्यात प्रत्येक उड्डाणापुढे विमानाची वीटी (VT) या भारतीय खुणेने सुरू होणारी नोंदणी अक्षरे लिहिलेली असतात. मात्र केवळ अक्षरांवर विसंबू नका. युद्धकाळात सरकारने क्लबांची आणि खासगी विमाने ताब्यात घेऊन त्यांना लष्करी क्रमांक दिले, आणि युद्धानंतर लष्कराने विकलेल्या विमानांना पुन्हा नागरी अक्षरे मिळाली. या सगळ्या उलथापालथीत कायम राहतो तो कारखान्याचा बांधणी क्रमांक. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या नोंदींत अक्षरांवरून तो क्रमांक आणि मालकांची नावे यांचा माग काढता येतो. विमानाचे आणि इंजिनाचे लॉगबुक वेगवेगळे असते, हेही लक्षात ठेवा. टायगर मॉथची जिप्सी मेजर इंजिने एका विमानातून काढून दुसऱ्यात सर्रास बसवली जात, त्यामुळे इंजिनाच्या कागदांवरून माग काढणारा भलत्याच विमानापाशी पोहोचतो.

डागडुजीची खरी कहाणी पंखांत असते. टायगर मॉथचा सांगाडा पोलादी नळ्यांचा, पण पंख लाकडी, वर कापड ताणून त्यावर डोप, म्हणजे कापड ताठ करणारा रोगणासारखा लेप, चढवलेला. पंखाच्या मागच्या कडेला खालून पाणी निथळण्यासाठी बारीक भोके असतात. पावसाळ्यात ती बुजली की पाणी आत साचते, आणि समुद्राकाठच्या दमट हवेत जुन्या केसीन (दुधातल्या प्रथिनाच्या) सरसाला बुरशी धरते. असा पंख उघडला की वरून ठणठणीत दिसणारा सांधा बोटाने दाबताच सुटतो आणि सरसाचा भुगा हातावर पडतो. म्हणून चांगला कारागीर नुसते कापड बदलून थांबत नाही. फासळी न् फासळी तपासतो, कुजलेले लाकूड बदलतो आणि तशी नोंद लॉगबुकात करतो.

डागडुजीनंतर अशी विमाने उडतात, याविषयी शंका नको. भारतीय हवाई दलाचे एचयू-५१२ हे टायगर मॉथ ब्रिटनमध्ये दुरुस्त होऊन २०१२ च्या हवाई दल दिनी हिंडनला उडाले.

माझ्या मते, मूळ सांगाडा, त्याचा बांधणी क्रमांक आणि नोंदींची अखंड साखळी हाती असेल, तर पंख नवे असूनही ते आजोबांचेच विमान. नुसती क्रमांकाची पट्टी नव्या सांगाड्यावर ठोकली असेल, तर मी तसे म्हणणार नाही. आजच्या मालकाकडे म्हणूनच रंगकामाच्या छायाचित्रांऐवजी सांगाड्याच्या दुरुस्तीचे कागद मागा.