बालवाडीच्या अंगणात मुलांना चढू द्यावं, की सगळं सपाट आणि मऊ करावं?

तुम्ही लिहिलंय की बालवाडीचं अंगण नव्याने करायचंय, पण मुलं पडतील या धास्तीने पालक चढायच्या सगळ्याच गोष्टींना नको म्हणतात. मी अशी अंगणं आखते. माझं मत ठाम आहे: चढायला जागा ठेवाच. फक्त आधी धाडस आणि धोका वेगळे करा.

ओंडका किती उंच आहे हे मुलाला दिसतं, चढायचं की नाही ते त्याचं तो ठरवतो. हे धाडस. कुजलेली फळी किंवा वर आलेला खिळा त्याला कळत नाही. तो धोका, आणि तो शोधणं आपलं काम. कठड्याच्या फटी तर टेप लावून मोजा. फट ८९ मिलिमीटरहून लहान हवी, नाहीतर २३०हून मोठी. मधल्या मापातून धड निसटतं आणि डोकं अडकतं. चढायच्या जागेखाली वाळू किंवा लाकडाच्या ढलप्यांचा ३० सेंटिमीटरचा थर द्या. नेमकी जिथे मुलं उतरतात तिथलीच वाळू पायांनी बाजूला सरते, म्हणून ती वरचेवर ओढून घ्यावी लागते. हे काम फार जण विसरतात.

नॉर्वेच्या संशोधक एलन सँडसेटर यांनी २००७ मध्ये अशा धाडसी खेळांचे सहा प्रकार मांडले: उंची, वेग, अवजारं, पाणी-विस्तवाजवळचा खेळ, झटापट आणि नजरेआड होणं. आराखड्यात हमखास राहून जातो तो शेवटचा. दोन झुडपांमध्ये बसकी जागा सोडा. आत बसलेल्या मुलाला वाटावं आपण कुणालाच दिसत नाही, आणि उभ्या बाईंना त्याचे केस दिसत राहावेत.

महागड्या घसरगुंडीआधी सुट्या फळ्या, दोर, टायर, मातीचा ढीग आणा. डेन्मार्कमध्ये कोपनहेगनजवळ एमड्रुपला १९४३ मध्ये भंगार सामानाचं मैदान उघडलं ते याच विचारातून.

आणि मुलाला उचलून वर ठेवू नका. जो स्वतः चढतो त्याला उतरायची वाट बहुतेकदा सापडते. एक चार वर्षांची मुलगी ओंडक्यावर अडकली होती, पाऊल हवेत चाचपडत होतं. "सांभाळ!" ऐकलं की ती आणखीच ताठ व्हायची. मी जवळ जाऊन विचारलं, "आता पाय कुठे ठेवशील?" तिने खाली वाकून पाहिलं, अंगठ्याने खोबण शोधली आणि उतरली. लगेच पुन्हा चढायला वळली.