वर्गणी काढून सिगिल घ्यावं का?

प्रश्न : ताई, आम्ही पाच जण दर शनिवारी रात्री गुजरीत मित्राच्या दुकानावरच्या खोलीत डंजन्स अँड ड्रॅगन्स हा फासे टाकून, गोष्टीतली पात्रं होऊन खेळायचा खेळ खेळतो. दोन वर्षं झाली, डीएम, म्हणजे गोष्ट रचून खेळ चालवणारा, मीच. सगळ्यांची कॅरेक्टर्स आता सहाव्या लेव्हलला आहेत. यंदा इंजिनिअरिंगचं शेवटचं वर्ष, प्रोजेक्टमुळं गोष्ट रचायला वेळ मिळत नाही. म्हणून या खेळाचं प्लेनस्केप हे जुनं विश्व, ज्यात सिगिल शहर आहे, त्याचा नवा संच घ्यावा असं डोक्यात आहे. वर्गणीला सगळे तयार आहेत, पण किंमत सात हजारांच्या वर सांगतात. आणि जुने खेळाडू म्हणतात, पहिल्या प्लेनस्केपची सर याला नाही. काय करू?
– एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : पैशाचं नंतर बघू. आधी तुझं ते ‘वेळ मिळत नाही’ घेऊ, कारण खरा प्रश्न तिथं आहे. सेटिंग, म्हणजे गोष्टीसाठीचं तयार विश्व, विकत घेतल्यानं डीएमचा वेळ वाचत नाही, उलट जास्त जातो. आधी नुसतं रचायचं होतं, आता रचायच्या आधी वाचायचंही आलं. वेळ वाचतो तो तयार अ‍ॅडव्हेंचरमुळं, म्हणजे आयत्या रचलेल्या गोष्टीमुळं. म्हणून या संचातलं तुझ्या कामाचं काय, ते त्या नजरेनं बघ.

ऑक्टोबर २०२३ मध्ये आलेल्या या संचात तीन पुस्तकं आहेत. सिगिल शहर आणि भोवतीचा आउटलँड्स मुलूख ९६ पानांत, प्राणी आणि माणसं ६४ पानांत, आणि ‘टर्न ऑफ फॉर्च्युन्स व्हील’ हे अ‍ॅडव्हेंचर ९६ पानांत. शिवाय डीएमची स्क्रीन आणि मोठा नकाशा. अ‍ॅडव्हेंचर तिसऱ्या लेव्हलला सुरू होतं, दहाव्यापर्यंत चालतं आणि मग एकदम सतराव्याला जातं. प्रत्येक खेळाडूनं एकाच कॅरेक्टरची तीन रूपं तयार ठेवायची, एक मेलं की दुसरं उभं राहतं. कल्पना मला फार आवडली. पण तुमची दोन वर्षं जीव लावून वाढवलेली मंडळी त्यात बसत नाहीत. त्यांना बाजूला ठेवून नवी कॅरेक्टर्स करायला चौघं तयार आहेत का, हे तू विचारलंयस? पत्रात तरी तसं दिसत नाही.

आता जुन्याबद्दल. मूळ खोका १९९४ चा, डेव्हिड ‘झेब’ कुक यांनी रचलेला, चित्रं टोनी डिटर्लिझी यांची. मी तो १९९६ मध्ये पुण्यात हॉस्टेलवर पाहिला, रूममेटच्या भावानं अमेरिकेहून आणला होता. सिगिल हे शहर हातातल्या कड्यासारख्या एका प्रचंड गोल वलयाच्या आतल्या अंगाला वसलंय. मान वर केली की आभाळ नाही, समोरच्या वस्तीची छपरं. मला ते काही केल्या डोळ्यांसमोर येईना. मग वहीचं एक पान लांब फाडलं, आतल्या बाजूला पेनानं घरं, पूल, बाजार काढला आणि टोकं डिंकानं चिकटवली. ती पट्टी डोळ्याजवळ धरून आत बघितलं आणि अंगावर काटा आला. माझ्या खेळाडूंना मी अजून तशीच पट्टी करायला लावते. तीस सेकंदांत कळतं, पुस्तकातल्या चार पानांनी कळत नाही.

जुने लोक खोटं बोलत नाहीत. जुन्या पुस्तकांत गल्लीबोळाची बोली होती, शिव्या होत्या, सांगणारा माणूस जणू त्याच शहरातला होता. नव्यात ती बोली फार पातळ झालीय. पण जुन्याचे नियम दुसऱ्या आवृत्तीचे, त्यातला थॅको, म्हणजे वार लागला का ते काढायचा जुना हिशेब, तुमच्या पिढीला शिकवत बसणं मला जमलेलं नाही. आकडे नव्यातून आणि शहर जुन्यातून, असं मी चालवते. जुन्या पुस्तकांची पीडीएफ अधिकृतपणे विकत मिळते, नव्या संचापेक्षा बरीच स्वस्त. २०२४ चे नवे नियम तुम्ही वापरत असाल तरी हा संच त्यावर चालतो, त्याची चिंता नको.

सिगिलचा जीव मात्र त्याच्या फॅक्शन्समध्ये, म्हणजे शहरातल्या गटांमध्ये आहे. १९९४ मध्ये त्या पंधरा होत्या, १९९८ च्या एका अ‍ॅडव्हेंचरमध्ये त्यांचं राज्य मोडलं, नव्या संचात बारा पुन्हा उभ्या आहेत. प्रत्येकीचं जगाबद्दल एक ठाम मत आणि शहरातलं एक काम. हार्मोनियमकडं पहारा, मर्सीकिलर्सकडं तुरुंग. ट्रान्सेंडंट ऑर्डर म्हणते विचार न करता हात चालला पाहिजे, आणि तिचं ठाणं म्हणजे भलीमोठी व्यायामशाळा.

माझ्या रविवारच्या टेबलावर पहिले तीन सेशन हे सगळं वाया गेलं. पोरं फॅक्शनचं नाव कॅरेक्टर शीटवर लिहायची आणि विसरायची. चौथ्याला मी पुस्तक मिटलं आणि सांगितलं, फॅक्शन म्हणजे आपली पेठेतली तालीम. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, तसं. शाहू स्टेडियमवर फुटबॉलची मॅच असली की तू कुठल्या बाजूला बसतोस, ते हे. तोवर तोंडही न उघडलेला मंगळवार पेठेतला एक मुलगा म्हणाला, “आमचा रंग कुठला?” पुढचा तासभर कुणी फासा टाकला नाही. कुणाची मिरवणूक आधी जाणार यावर दोन फॅक्शन्स भांडत होत्या, आणि दोन्ही बाजूंना स्वतःचं म्हणणं खरंच पटलेलं होतं. पुस्तकानं हे दिलं नाही, पण पुस्तकात फॅक्शन्स नसत्या तर हेही झालं नसतं. म्हणून हे सेटिंग मला घेण्यासारखं वाटतं. घाईनं मात्र नको. दुसरं एक नव्यानं आलेलं जुनं विश्व मी नावाला भुलून घेतलं होतं, त्यातले ज्यासाठी घेतले ते नियम दोन-चार पानांत आटोपले होते. ते पुस्तक अजून कोरं आहे.

तर आत्ता वर्गणी काढू नकोस. जुनी पीडीएफ एकट्यानं घे आणि तुमच्याच चालू गोष्टीत सिगिलचं एक दार उघड. तिथं कुठलीही कमान, खिडकी, चौकट दार असू शकते, आणि किल्ली म्हणजे वस्तू, शब्द, हावभाव, नुसता विचारही चालतो. उंबऱ्यावर मावळतीचं ऊन पडलं तरच उघडणारं दार ठेव. नोव्हेंबरात आणि जानेवारीअखेरीस अंबाबाईच्या किरणोत्सवाला उभ्या राहिलेल्या पोरांना ते समजावून सांगावं लागत नाही. ऊन कुठवर आलं, ढग आड येईल का, हा जीव टांगणीला लागणं त्यांना ठाऊक आहे. दोन शनिवार सिगिलमध्ये काढा. पोरं परत जायचं म्हणाली, तर जूनमध्ये प्रोजेक्ट आटोपल्यावर संच मागवा आणि नव्या कॅरेक्टर्सनिशी ते अ‍ॅडव्हेंचर सुरू करा.

वर्गणीबद्दल एकच. पाच जणांच्या पैशाचं पुस्तक पाचही जण उघडतात, आणि हे अ‍ॅडव्हेंचर खेळाडूनं आधी वाचलं तर फुकट जातं. सगळी पात्रं सगळं विसरून जागी होतात, मजा त्यात आहे. म्हणून अ‍ॅडव्हेंचरचं पुस्तक तुझ्या वाट्याच्या पैशात धर आणि तुझ्या घरी ठेव. शहराचं पुस्तक गुजरीतल्या खोलीवर राहू दे, ते सगळ्यांनी चाळलं तर बरंच आहे. प्राण्यांचं पुस्तकही तुझ्याकडंच.