बूटलोडर फ्लॅश पुसताना बोर्ड रिसेट होतो, वॉचडॉग बंदच ठेवू का?

नका ठेवू. वॉचडॉग म्हणजे ठरल्या वेळात प्रोग्रॅमने किक मारली नाही, म्हणजे मोजणी पुन्हा सुरू केली नाही, तर चिप रिसेट करणारा टायमर; बूटलोडर म्हणजे चिप चालू होताच धावणारा आणि फ्लॅशमध्ये, म्हणजे तिच्या कायमच्या मेमरीत, नवं फर्मवेअर भरणारा छोटा प्रोग्रॅम. याच प्रश्नावर माझी आणि भागीदाराची मैत्री तुटायला आली होती, म्हणून लिहितोय.

जळगावला आम्ही ठिबकचे कंट्रोलर बनवायचो, एसटीएम३२एफ४०७ या मायक्रोकंट्रोलर चिपवर. मे महिन्यात चोपड्याकडच्या एका केळीच्या बागेतल्या बोर्डांना मोडेमवरून नवं फर्मवेअर पाठवलं. सकाळी फोन : "भाऊ, रातपासून पानी बंद शे." अकराला पोचलो तेव्हा केळीची पानं मधल्या शिरेवर मिटायला लागली होती. पेटी उघडली, तर दिवा दर अर्ध्या सेकंदाला लुकलुकतोय.

तिथेच कळलं. शेतात लावलेल्या बोर्डांना ऑप्शन बाइटने (चिपमधल्या कायम राहणाऱ्या सेटिंगने) हार्डवेअर वॉचडॉग चालू केलेला, टेबलावरच्या बोर्डाला नाही. तसा लावला की तो रिसेटपासूनच धावतो : प्रीस्केलर (घड्याळ किती पटीने मंद करायचं ते) ४, रीलोड (उलटी मोजणी कुठून सुरू ते) ४०९५, म्हणजे ३२ किलोहर्ट्झच्या आतल्या घड्याळाला ५१२ मिलिसेकंद. फ्लॅशचा १२८ केबीचा सेक्टर (एकदम पुसला जाणारा तुकडा) पुसायला एक-दोन सेकंद लागतात आणि कोड त्याच फ्लॅशमध्ये असला तर तोवर सीपीयू अडून राहतो. किक मारणार कोण? रिसेट, पुन्हा पुसणं, पुन्हा रिसेट. रात्रभर.

भागीदार म्हणाला, वॉचडॉग काढ, भानगड मिटली. काढला. पुढे तेच बूटलोडर मोडेमच्या उत्तराची वाट बघत अडकलं आणि पेटीजवळ जाऊन सप्लाय बंद-चालू केल्याशिवाय उठलं नाही.

म्हणून वॉचडॉग ठेवा, त्याची वेळ वाढवा. बूटलोडरच्या सुरुवातीलाच त्याच्या की रजिस्टरमध्ये (सेटिंगचं कुलूप उघडणाऱ्या जागेत) हेक्स ५५५५ लिहा, प्रीस्केलर २५६, रीलोड ४०९५, दोन्ही अपडेट फ्लॅग (बदल लागू होतोय हे सांगणाऱ्या खुणा) उतरू द्या, मग त्याच रजिस्टरमध्ये हेक्स एएएए, हीच किक. सुमारे ३३ सेकंद मिळतात. पण आतलं घड्याळ १७ ते ४७ किलोहर्ट्झमध्ये कुठेही असू शकतं, म्हणून २२ सेकंदच धरा. दर सेक्टरनंतर किक मारा. टायमर इंटरप्टमधून (ठरावीक वेळाने आपोआप चालणाऱ्या कोडमधून) मुळीच नको, मुख्य लूप मेला तरी इंटरप्ट चालूच राहतो.



आणि हो, हे एसटीएम३२एफ४ चिपांचं झालं. एटमेगा३२८पी या दुसऱ्या चिपवर वॉचडॉग रिसेटनंतर तो सुमारे १६ मिलिसेकंदांवर चालूच राहतो. आधी डब्ल्यूडीआरएफ (रिसेट वॉचडॉगने झाला ही खूण) पुसा, मगच बंद होतो.

भागीदार अजून म्हणतो, वॉचडॉगनेच पाणी तोडलं. तोडलं ते ऑप्शन बाइट न लावता तपासलेल्या बूटलोडरने, आणि तपासणीवर सही दोघांची होती.